रीकॉम्बिनंट मानवी ॲसिटिलकोलिनएस्टरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेतासंस्थेवरील संशोधनात रीकॉम्बिनंट (म्हणजे जनुक प्रयोगशाळेतील पेशींत घालून तयार केलेले) मानवी ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) सर्रास वापरले जाते. एम.एस्सी. आणि एम.फार्म.चे विद्यार्थी, पीएच.डी.चे संशोधक आणि या विकराची क्रिया मोजणारी चाचणी नव्याने बसवू पाहणाऱ्या प्रयोगशाळा त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या ठिकाणी प्रयोग प्रत्यक्षात फसतात त्या ठिकाणी उत्तर लांबले आहे, बाकी ठिकाणी ते थोडक्यात आटोपले आहे.

हे विकर शरीरात काय करते?

चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक रेणू सोडला जातो, तो पुढच्या पेशीवरील ग्राहीला जाऊन चिकटतो आणि स्नायू आकुंचन पावतो किंवा पुढची चेतापेशी उद्दीपित होते. हा संदेश वेळेत थांबला नाही, तर स्नायू आकुंचित स्थितीतच अडकून पडेल. तो थांबवण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज करते. ॲसिटिलकोलीनचे कोलीन आणि ॲसिटेट असे दोन तुकडे करणाऱ्या या विकराचा एक रेणू अनुकूल परिस्थितीत सेकंदाला काही हजार रेणू फोडतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून रासायनिक चेतासंदेशाची कल्पना सिद्ध झाली, आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना व हेन्री डेल यांना विभागून मिळाले. हा संदेशवाहक शरीरात इतका लवकर नाहीसा होतो याचे कारण एखादे एस्टरेज असावे, असा अंदाज डेल यांनी १९१४ मध्येच व्यक्त केला होता.

विकराची रचनाही विलक्षण आहे. १९९१ मध्ये वाइझमन संस्थेतील जोएल ससमन, इस्रायल सिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर्पेडो या विद्युत माशातील विकराची स्फटिक-संरचना प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसले की क्रियास्थळ पृष्ठभागावर नाही, तर सुमारे २ नॅनोमीटर खोल अशा अरुंद घळीच्या तळाशी आहे आणि घळीच्या भिंतींवर १४ ॲरोमॅटिक अमिनो आम्ले आहेत. इतक्या अरुंद वाटेने जाऊनही विकर इतके वेगवान कसे, यावर पुढे बरीच चर्चा झाली. औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन जागा लक्षात ठेवाव्यात: तळाशी ट्रिप्टोफॅन ८६ (म्हणजे साखळीतील ८६ व्या जागेवरचे हे अमिनो आम्ल) आणि घळीच्या तोंडाशी ट्रिप्टोफॅन २८६. डोनेपेझिल या विकराला रोखणाऱ्या अल्झायमरवरील औषधाचा रेणू लांबट असल्यामुळे तो या दोन्ही जागांना एकाच वेळी धरून बसतो.

काही लेखांत क्रियास्थळावरील सेरीन २०० क्रमांकाचे, काहींत २०३ आणि काहींत २३४ क्रमांकाचे दिलेले असते. खरे कोणते?

तिन्ही बरोबर आहेत. २०० हा टॉर्पेडोच्या विकरातील क्रमांक आहे, २०३ हा मानवी परिपक्व विकरातील, आणि २३४ हा सुरुवातीचे ३१ अमिनो आम्लांचे संकेत-पेप्टाइड (परिपक्व विकरातून कापला जाणारा तुकडा) धरून मोजलेला मानवी क्रमांक आहे. क्रियास्थळावर मिळून काम करणाऱ्या तीन अमिनो आम्लांचे मानवी त्रिकूट परिपक्व क्रमांकांत सेरीन २०३, ग्लुटामेट ३३४ आणि हिस्टिडीन ४४७ असे लिहिले जाते. उत्परिवर्तित विकर मागवताना ऑर्डरमध्ये कोणती मोजणी धरली आहे ते स्पष्ट लिहावे. महागडी कुपी चुकीच्या जागी बदल होऊन येणे अशक्य नाही.

रीकॉम्बिनंट विकर तयार कसे होते?

मानवी जनुक ७ व्या गुणसूत्रावर आहे. त्याची प्रतिकृती पेशींमध्ये घातली की पेशी ते विकर तयार करून माध्यमात सोडतात, आणि मग ते आसक्ती-स्तंभावर (विकराला निवडकपणे धरून ठेवणाऱ्या स्तंभावर) शुद्ध केले जाते. बहुतेक वेळा एचईके-२९३ या मानवी पेशी वापरल्या जातात. त्यामागे कारण आहे. या विकरावर तीन ठिकाणी शर्करा-साखळ्या जोडल्या जातात आणि त्यात डायसल्फाइड बंध आहेत, साध्या ई. कोलाय जिवाणूत ते नीट घडी पडून तयार होत नाही, निष्क्रिय गोळे होतात. २०१६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने ५१ अमिनो आम्ले बदलून जिवाणूत भरपूर तयार होणारे रूप बनवण्यात आले. ते काम अभियांत्रिकी म्हणून सुंदर आहे, पण इतके बदल झालेल्या रेणूला औषधचाचणीत सरळ मानवी विकर म्हणून वापरणे आम्हाला पटत नाही.

इलेक्ट्रिक ईलचे विकर बरेच स्वस्त मिळते. मग मानवी कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्तही आहे. शंभर संयुगांची पहिली चाळणी करायची असेल, तर ईलचे विकर पुरेसे आहे. क्रियास्थळ इतके जतन झालेले आहे की ठळक निरोधक (विकराची क्रिया रोखणारी संयुगे) दोन्हींत पकडले जातात. पण घळीच्या भिंतींवर आणि तोंडाशी प्रजातीगणिक फरक आहेत, त्यामुळे संयुगांचा क्रम सारखा आला तरी आकडे सारखे येतीलच असे नाही. प्रबंधात ‘मानवी विकरावर प्रभावी’ असे वाक्य लिहायचे असेल, तर ते मानवी विकरावरच दाखवावे लागते. विषबाधेत रोखले गेलेले विकर पुन्हा सोडवणाऱ्या ऑक्झाइम औषधांच्या बाबतीत तर प्राण्यागणिक फरक इतका मोठा आहे की उंदीर-वर्गातील प्राण्यांच्या विकरावरून माणसाबद्दल अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

मानवी रक्तपेशींतून काढलेले विकरही मिळते. ते रक्तपेशींच्या पटलाला ग्लायकोलिपिड नांगराने जोडलेले रूप आहे, आणि त्यात वायटी रक्तगटाचा फरक येतो. हा रक्तगट याच विकरातील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे ठरतो. शिवाय ते रक्तातून आलेले असल्याने हाताळणीचे नियमही वेगळे लागतात. रीकॉम्बिनंट विकरात क्रम ठाऊक असतो आणि दर कुपीत तोच असतो.

पूर्ण लांबीचे मागवावे की छाटलेले?

केवळ निरोध मोजायचा असेल, तर छाटलेले चालते. मेंदूत आणि स्नायूंत प्रामुख्याने आढळणाऱ्या रूपाच्या शेपटीत एक सिस्टीन असते, ज्यामुळे दोन रेणू जोडले जातात. याच शेपटीच्या आधारे चेता-स्नायू संधीवर कोलक्यू आणि मेंदूत प्रायमा ही प्रथिने विकराला जागेवर धरून ठेवतात. शेपटी छाटली की एकटा रेणू मिळतो. तो स्फटिक तयार करण्यासाठी सोयीचा असतो. मात्र जोडरेणू, चौकडी किंवा नांगर-प्रथिने यांच्याशी संबंधित प्रश्न असेल, तर पूर्ण लांबीचेच घ्यावे.

कुपीवर लिहिलेले ‘एक यूनिट’ म्हणजे किती?

सर्वसाधारणपणे पीएच ८.० आणि ३७ अंश सेल्सिअसला मिनिटाला १ मायक्रोमोल ॲसिटिलकोलीन फोडणारे विकर म्हणजे एक यूनिट. अडचण अशी की सर्वच पुरवठादार ही व्याख्या वापरत नाहीत. कोणी ॲसिटिलथायोकोलीनवर मोजतो, कोणी २५ अंशांवर, कोणी पिकोमोलांत. म्हणून दोन पुरवठादारांचे ‘मिलिग्रॅममागे यूनिट’ हे आकडे शेजारी ठेवून किंमत ठरवू नये. आधी व्याख्या वाचावी, मग आपल्या बफरमध्ये, आपल्या तापमानाला स्वतः मोजावे आणि पुढे सर्वत्र तोच आकडा वापरावा.

चाचणीसाठी कोणती पद्धत वापरावी?

१९६१ मध्ये एलमन आणि सहकाऱ्यांनी दिलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. यात ॲसिटिलकोलीनऐवजी ॲसिटिलथायोकोलीन देतात. विकराने ते फोडले की थायोकोलीन सुटते, ते डीटीएनबी या थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट ओळखणाऱ्या रसायनाशी अभिक्रिया करते आणि पिवळा आयन तयार होतो, ज्याचे शोषण ४१२ नॅनोमीटरला मोजता येते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एकूण २०० मायक्रोलीटर, ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४ ते ८.०, डीटीएनबी सुमारे ०.३ मिलिमोलर आणि सबस्ट्रेट (विकर ज्याला फोडते ते, येथे ॲसिटिलथायोकोलीन) ०.५ मिलिमोलर, ही चांगली सुरुवात आहे. सबस्ट्रेट शेवटी घालावा आणि प्लेट लगेच यंत्रात ठेवावी. बहुवाहिनी पिपेटने पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत घालण्यात पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडला, तर शेवटच्या ओळीचे रीडिंग मागे पडते. शेवटच्या एका रीडिंगवर निष्कर्ष काढू नये, दर मिनिटाचा उतार काढावा.

सबस्ट्रेट जास्त घातला की वेग वाढेल ही समजूत येथे चालत नाही. काही मिलिमोलरच्या पुढे हे विकर स्वतःच्याच सबस्ट्रेटने मंदावते, कारण जादा रेणू घळीच्या तोंडाशी असलेल्या जागेला चिकटतात. ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या जवळच्या नात्यातील विकरात उलट घडते, तेथे जादा सबस्ट्रेटने वेग वाढलेला दिसतो.

प्रकाशमान पद्धतीही आहेत, ज्यांत कोलीन ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज यांच्या साखळीने रंग किंवा प्रकाश निर्माण होतो. त्या अधिक संवेदनशील आहेत, पण तुमचे संयुग ॲसिटिलकोलिनएस्टरेजला रोखते आहे की साखळीतील दुसऱ्या विकराला, याची स्वतंत्र खात्री करावी लागते.

रीडिंगवरून यूनिट कसे काढावे?

एक उदाहरण घेऊ. ब्लँक (विकर न घातलेला खळगा) वजा करून शोषण मिनिटाला ०.०५ ने वाढले. पिवळ्या आयनाचा मोलर शोषणांक १४,१५० धरावा आणि २०० मायक्रोलीटरसाठी द्रवाची उंची सुमारे ०.६ सेंमी धरावी (आपल्या प्लेटवर ती एकदा मोजून घ्यावी, कारण ती प्लेटच्या आकारावर अवलंबून असते). ०.०५ भागिले (१४,१५० गुणिले ०.६) म्हणजे मिनिटाला साधारण ५.९ मायक्रोमोलर. २०० मायक्रोलीटरमध्ये हे मिनिटाला सुमारे १.२ नॅनोमोल होते, म्हणजे त्या खळग्यात सुमारे १.२ मिलियूनिट विकर आहे.

आता दुसरी बाजू पाहा. ०.५ मिलिमोलर सबस्ट्रेट म्हणजे त्या खळग्यात एकूण १०० नॅनोमोल. दहा मिनिटांत १२ नॅनोमोल संपले, म्हणजे १२ टक्के. उतार सरळ राहावा म्हणून दहा टक्क्यांच्या आत थांबणे चांगले, तेव्हा या खळग्यातील पहिली पाच मिनिटेच हिशेबात घ्यावीत. विकर दुप्पट घातले, तर अडीच मिनिटेच उरतील. यंत्रात ४१२ ऐवजी ४०५ चा फिल्टर असेल, तर शोषणांक थोडा कमी धरावा लागतो. सापेक्ष निरोधासाठी या फरकाने बिघडत नाही, यूनिटसाठी बिघडते.

विकर न घालताही खळगा पिवळा होतो. काय चुकते?

बहुधा काहीच नाही. ॲसिटिलथायोकोलीन पाण्यात आपोआपही फुटते आणि पीएच जितका जास्त तितके ते अधिक फुटते. म्हणून विकराशिवायचा ब्लँक प्रत्येक प्लेटवर हवाच, तोही प्रत्येक संयुगासह. पिवळेपणा फारच झपाट्याने येत असेल, तर सबस्ट्रेटचे द्रावण जुने झाले असावे. ते त्याच दिवशी बर्फावर तयार करावे. आणखी एक गोष्ट: विकराच्या साठ्यात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल यांसारखे थायॉल असेल, तर ते डीटीएनबीशी थेट अभिक्रिया करते. प्रथिनांच्या बफरमध्ये ही रसायने सवयीने घातली जातात, येथे घालू नयेत. ऑक्झाइमही ॲसिटिलथायोकोलीनला विकराविना फोडतात, त्यामुळे पुनरुज्जीवनाच्या चाचणीत ऑक्झाइम आणि सबस्ट्रेट एवढेच असलेला वेगळा ब्लँक ठेवावा लागतो.

ब्राह्मी, शंखपुष्पी, हळद यांच्या अर्कांवर ही चाचणी करता येते का?

करता येते, आणि महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत करतातही. पण निकालांबाबत येथे सावध राहायला हवे. हळदीतील कर्क्युमिन स्वतःच पिवळे आहे आणि त्याचे शोषण ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे नेमके जेथे आपण मोजतो तेथे. अर्क घातलेल्या खळग्याचे सुरुवातीचे रीडिंगच एकाच्या वर गेलेले असेल, तर त्यावर उमटणारा छोटा उतार विश्वासाने मोजता येत नाही. उतार घेतल्याने स्थिर रंग वजा होतो, पण कर्क्युमिन क्षारीय बफरमध्ये विघटित होऊन त्याचा रंगही बदलत राहतो, म्हणून ‘अर्क आणि बफर’ एवढेच असलेला ब्लँक पूर्ण वेळ मोजावा. टॅनिन असलेले अर्क तर विकरालाच अवक्षेपित करतात आणि निरोधाचा भास निर्माण करतात. अशा वेळी चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून निरोध टिकतो का ते पाहावे. डिटर्जंटने निरोध नाहीसा झाला, तर तो खरा निरोध नव्हता. शेवटी, थायॉलवर अवलंबून नसलेल्या दुसऱ्या पद्धतीने निकाल पडताळल्याशिवाय ‘स्मृतिवर्धक’ हा शब्द निष्कर्षात वापरू नये.

डीएमएसओ किती चालेल?

संयुगे विरघळवण्यासाठीचे हे द्रावक शक्य तितके कमी. डीएमएसओ हे स्वतः मानवी ॲसिटिलकोलिनएस्टरेजचा निरोधक आहे आणि एका टक्क्यालाही त्याचा परिणाम जाणवू शकतो. ते सर्व खळग्यांत, नियंत्रणासह, अगदी समान ठेवावे. संयुगाची मात्रा वाढवताना द्रावकाचीही मात्रा वाढत गेली, तर द्रावकाचाच आलेख हाती येतो.

आमचा आयसी-५० प्रसिद्ध आकड्यांशी जुळत नाही. का?

कारण आयसी-५० (विकराची क्रिया निम्म्यावर आणणारी निरोधकाची मात्रा) हा संयुगाचा स्थिरांक नसून प्रयोगाचा आकडा आहे. स्पर्धात्मक (सबस्ट्रेटच्याच जागेसाठी झुंजणाऱ्या) निरोधकाचा आयसी-५० सबस्ट्रेटच्या मात्रेबरोबर वाढतो, म्हणून केआय (निरोध-स्थिरांक) काढावा. मात्र डोनेपेझिलसारख्या मिश्र निरोधकाला स्पर्धात्मक निरोधाचे सूत्र लावले, तर केआय चुकतो.

वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. रिवास्टिग्मिन हे कार्बामेट आहे. ते क्रियास्थळावरील सेरीनला जोडले जाते आणि हळूहळू सुटते. त्यामुळे पाच मिनिटे आणि साठ मिनिटे मिसळून ठेवलेल्या प्लेटवर आयसी-५० पूर्णपणे वेगवेगळे येतात. ऑर्गॅनोफॉस्फेटांचेही (अनेक कीटकनाशके या गटातील आहेत) तसेच. अशा संयुगांसाठी वेळ लिहिल्याशिवाय आयसी-५० ला अर्थ नाही. निरोधक भरपूर असताना ०.६९३ भागिले (आयसी-५० गुणिले वेळ) अशा रीतीने अभिक्रियेचा द्विरेणवी वेग-स्थिरांक काढून तोच नोंदवणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक योग्य आहे. प्रसिद्ध लेखांतील अनेक तक्त्यांत हा स्तंभच नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

कीटकनाशकांच्या अभ्यासासाठी हे विकर वापरता येईल का?

होय, आणि महाराष्ट्रासाठी हा विषय पुस्तकी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्या वेळी चर्चेत आलेल्या रसायनांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेटे होती.

प्रयोगात पहिली चूक येथेच होते. मोनोक्रोटोफॉसमध्ये फॉस्फरसशी ऑक्सिजन जोडलेला असल्याने ते विकराला थेट रोखते. क्लोरपायरीफॉस किंवा क्विनालफॉसमध्ये त्या जागी गंधक आहे. यकृतातील सायटोक्रोम विकरे ते बदलून ऑक्सॉन रूप तयार करतात आणि खरा निरोधक ते ऑक्सॉन असते. म्हणून शुद्ध क्लोरपायरीफॉस शुद्ध विकरात घातले आणि निरोध जवळपास दिसला नाही, तर ‘सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणे घोडचूक ठरेल. ऑक्सॉन वेगळे विकत घ्यावे किंवा यकृताच्या मायक्रोसोमसह चाचणी करावी.

दुसरी बाब रोखल्या गेलेल्या विकराच्या वार्धक्याची (एजिंग). फॉस्फेट सेरीनला जोडले गेल्यावर काही काळाने त्याचा एक अल्किल गट गळून पडतो, आणि मग प्रालिडॉक्झाइमसारखे ऑक्झाइम त्याला सोडवू शकत नाही. मानवी विकरात डायमिथाइल रूपाचा वार्धक्याचा अर्धकाळ सुमारे ३.७ तास, तर डायएथाइल रूपाचा सुमारे ३३ तास आहे. रुग्णालयात उशिरा पोहोचलेल्या रुग्णाला तेच औषध एका कीटकनाशकात लागू पडते आणि दुसऱ्यात पडत नाही, यामागील एक मोठे कारण हे आहे, आणि रीकॉम्बिनंट विकराने ते काचेच्या नळीत तास-तासाने मोजून दाखवता येते. ही रसायने कातडीतूनही शरीरात जातात. फ्युम हूड, नायट्राइल हातमोजे आणि क्षारीय द्रावणाने नष्ट करण्याची सोय नसेल, तर हा प्रयोग करू नये.

ब्युटिरिलकोलिनएस्टरेज वेगळे का मोजावे लागते?

शुद्ध रीकॉम्बिनंट विकरात त्याचा प्रश्न येत नाही. पण मेंदूच्या ऊतीच्या अर्काशी तुलना करायची असेल, तर त्या अर्कात दोन्ही असतात. आयसो-ओएमपीए हे ब्युटिरिलला, तर बीडब्ल्यू२८४सी५१ हे ॲसिटिलला निवडकपणे रोखते. दोन्ही घालून केलेल्या मोजणीतून या दोन्ही विकरांची नसलेली क्रिया किती उरते तेही कळते.

हे विकर पेशीसंवर्धनात किंवा प्राण्यांत वापरता येते का?

पेशींवर वापरण्याआधी कुपीतील ग्लिसरॉल, ॲझाइड (परिरक्षक) आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विषारी अंश) यांची माहिती पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटाच्या गुठळ्या होण्यास हे विकर गती देते, आणि त्यात क्रियास्थळाऐवजी घळीच्या तोंडाची जागा भाग घेते, असे आढळले आहे. अशा प्रयोगांत प्रोपिडियम हे त्या जागेचे निरोधक नियंत्रण म्हणून ठेवतात. हिरव्या मांबा सापाच्या विषातील फॅसिक्युलिन त्याच जागेवर विलक्षण घट्ट बसते, आणि मानवी विकराची २००० मध्ये प्रसिद्ध झालेली संरचना त्याच्यासहच मिळाली. आपल्याकडच्या पट्टेरी मण्यारीचे विष मात्र उलट, त्यात हे विकरच भरपूर असते.

प्राण्यांत टोचण्याच्या बाबतीत सांगायचे, तर एचईके पेशींतील विकराच्या शर्करा-साखळ्यांवर सायलिक आम्ल अपुरे असल्याने ते रक्तातून लवकर नाहीसे होते. तो प्रयोग आखण्याआधी प्राणी नैतिकता समितीची परवानगी आणि अर्धकाळाचे मोजमाप या दोन्ही गोष्टी लागतील.

साठवण कशी करावी?

कुपी आल्या दिवशी पेटीत कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते पाहावे आणि त्याच दिवशी एक मोजणी करून आकडा कुपीच्या नोंदीत लिहून ठेवावा; उन्हाळ्यात सीमाशुल्कात अडकलेल्या पार्सलबद्दल नंतर वाद घालायला हाच एक पुरावा असतो. मग लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. अतिशय पातळ विकर प्लॅस्टिकला चिकटून नाहीसे होते, म्हणून कामाचे द्रावण ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) घालून बनवावे. सकाळी मिळालेला उतार दुपारी निम्म्यावर आला, तर निरोधकावर शंका घेण्याआधी बीएसए घातले होते का ते तपासावे.

रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीसाठी हे वापरावे का?

नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ असे कुपीवर लिहिलेले असते आणि ते शब्दशः घ्यावे. विषबाधेच्या संशयात रुग्णालयातील प्रयोगशाळा बहुधा रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज मोजतात, तर लाल पेशींतील मोजणी चेतासंधीवरील स्थितीच्या अधिक जवळ जाते. दोन्ही चाचण्या रुग्णाच्या स्वतःच्या विकराची क्रिया मोजतात. आपल्या पद्धतीची रेषीयता तपासण्यासाठी रीकॉम्बिनंट विकराचे नमुने संशोधनापुरते वापरायला हरकत नाही, पण त्यावरून कोणाचेही निदान लिहून देता येत नाही.